सात रात्रींची झोप

पिंडाला कावळा शिवला तो पहिल्या झटक्यालाच. घाटावर जमलेल्या बायका म्हणाल्या, "साळूबाईचं काही मागं राहिलं नाही हो, सुटली बिचारी."

साळूबाईचं जे मागं राहिलं होतं ते तिच्या नवऱ्याच्या, मल्हारीच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. पुठ्ठ्याचं छोटं खोकं, त्यात कापूस, आणि कापसात करंगळीएवढ्या काचेच्या सात बाटल्या. विधी आटोपला की मेन रोडच्या मागं नवनाथच्या मेडिकलमध्ये त्या परत करायच्या, असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं.

मखमलाबादला त्याची अर्धा एकर जमीन, झेंडू आणि शेवंती. फुलं पंचवटीत आणून विकायची आणि जिथं कीर्तन असेल तिथं टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं, चाळीस वर्षं नवराबायकोचा हाच धंदा आणि हीच चैन. साळूबाई खाली बायकांत बसायची, पण महाराजांनी चाल उचलली की तिचा आवाज सगळ्यांच्या वर निघून जायचा. मग तिच्या पाठीच्या मणक्यात कॅन्सर उतरला आणि त्याच आवाजानं ती ओरडायला लागली. तीन महिने. डॉक्टरांनी पेथिडीन नावाचं इंजेक्शन लिहून दिलं. रोज एक, संध्याकाळी आठला. कंपाउंडर येऊन टोचायचा, आणि मग साळूबाईला चार तास झोप लागायची. त्या चार तासांत मल्हारी तिच्या तोंडाकडं बघत बसायचा. पुन्हा तीच, लग्नातली.

ही इंजेक्शनं सहज मिळत नसत. दहा रिकाम्या बाटल्या मोजून द्यायच्या तेव्हा नव्या दहा मिळायच्या. "फुटली तर काचा आणा, काका," नवनाथ सांगायचा, "पण आणा. माझ्या रजिस्टरात एकेक लिहिलेली असते. सरकार आता या बाबतीत फार वाईट झालंय." शेवटच्या दहांतल्या तीन लागल्या आणि साळूबाई गेली. उरल्या सात.

दहाव्याचं प्रवचन असतं, पण महाराजांना गायल्याशिवाय बोलताच येत नसे, त्यामुळे त्यांच्या प्रवचनाचं कीर्तनच व्हायचं. साळूबाईला ते तिच्या आवाजावरून ओळखत. त्या दिवशी त्यांनी दृष्टांत दिला.

"एका गावात एक म्हातारी उन्हाळ्यात तहानेनं गेली. घरात पाणी द्यायला कोणी नाही. लेक शहरात मोठा माणूस. दहाव्याला आला तो चांदीची गाय घेऊन! केवढी? एवढी!" महाराजांनी पंजा दाखवला. लोक हसले. "संकल्प चाललाय, मंत्र चाललेत, आणि तेवढ्यात एक वाटसरू आला. म्हणाला, बाबा, घोटभर पाणी मिळंल का? लेक म्हणाला, ए, दिसत नाही का, दान चाललंय! उद्या ये!"

लोक पुन्हा हसायला लागले आणि मधेच थांबले. महाराजांनी आवाज खाली आणला. "गाय कोणाला पाहिजे होती रे? गेलेल्या जिवाला शेवटी ज्याची तहान होती, ते दे. ते तिच्यापर्यंत पोचतं. बाकीचं भटजीच्या घरी पोचतं." भटजी शेजारीच बसले होते, तेही हसले.

मल्हारीनं सगळं रीतीप्रमाणं दिलं होतं. खाट, गादी, घोंगडी, छत्री, वहाणा, तांब्या. पण महाराज बोलले तसा त्याचा हात आपोआप कोटावर गेला. साळूला शेवटी तहान कशाची होती? गादीची नव्हती. गादी तर तिला टोचायची.

माणसं उठली, पांगली. मुलगी सुवर्णा सटाण्याहून आली होती, ती बायकांबरोबर पुढं गेली. पायऱ्यांवर एक बाई मात्र बसून राहिली होती. हिरवं लुगडं, पायांना धूळ, हातात घडी करून करून मऊ झालेला कागद. रडत होती, पण आवाज न करता.

"बाई, तुम्ही साळूच्या माहेरच्या का?" मल्हारीनं विचारलं.

"नाय बाबा. मी येवल्याकडची. गाडीला टाइम हाय म्हणून गंगेवर आले, गाणं ऐकलं, बसले." तिनं डोळे पुसले. "बाबा तेवढं खरं बोलले. तहानेचं."

तिचं नाव लंकाबाई. नवरा पैठणी विणणारा, तीस वर्षं मागावर बसलेला. आता पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी नेला, तर दिवसरात्र एकच ओरडणं. शेजारच्यांनी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. "पोटी लेकरू नाय. मीच आणि ते. कालपास्नं मला म्हणत्यात, लंके, उशी घे अन् दाब. आता सांगा, कुठल्या हातानं दाबू?" डॉक्टरनं चिठ्ठी दिली होती. येवल्यात मिळेना म्हणून नाशिकला आली, आणि इथंही चार दुकानं फिरून झाली होती. "एक म्हणला ठेवत नाय. एक म्हणला लायसन परत केलं. शेवटचा तर म्हणला, बाई, ह्या कागदापायी माझी दहा वर्सं जातील, मुंबईला जा."

मल्हारीनं कागद घेतला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तीन महिन्यांत त्या एका शब्दाचं रूप त्याला पाठ झालं होतं.

इथं दुसरा कोणी असता तर त्यानं इकडंतिकडं बघितलं असतं. मल्हारीनं तांब्यातलं पाणी घेतलं, तुळशीचं पान घेतलं, बाईला ओंजळ पुढं करायला सांगितलं, आणि पान-पाणी सोडून साळूबाईचं नाव घेऊन ते खोकं उघड्या घाटावर, भर दुपारी तिच्या ओंजळीत ठेवलं.

लंकाबाईनं झाकण उघडून आत बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले, पण शब्द निघाला तो असा: "फुकटचं औषध लागू पडत नाय, बाबा."

तेही खरंच होतं. साळूबाईसुद्धा झाडपाल्यावाल्याला चवली-पावली दिल्याशिवाय पान घ्यायची नाही. लंकाबाईनं पदराची गाठ सोडली, एक रुपया आणि एक पावली त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती कपाळाला लावून खिशात टाकली.

"गावात टोचायला कोण हाय?"

"नर्सबाई हाय."

"तिलाच सांगा. रोज एकच, आठच्या सुमाराला. जादा नाय. सात हायेत. सात रात्री निजतील मालक."

"सात," लंकाबाई म्हणाली. तिनं खोकं पोलक्यात ठेवलं, त्याच्या पाया पडली आणि पायऱ्या चढून गेली. तो होता गुरुवार.

शुक्रवारी सकाळी नवनाथ स्कूटरवरून मखमलाबादला आला. तिशीचा पोरगा, गोरा, नेहमी इस्त्रीतला, पण आज शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"काका, काकूंच्या उरलेल्या सात द्या. सोमवारी तपासणी होती ती उद्यावर आली."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"दान केल्या."

नवनाथ खाटेच्या जागी बसायला गेला आणि तिथं खाट नाही हे पाहून भुईवरच बसला. "दान? काका, तो काय तांब्या आहे? कोणाला दिल्या?"

मल्हारी बोलणार होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि नवनाथ काही परका नव्हता. पण त्याच्या लक्षात आलं की नाव सांगितलं तर हा पोरगा आत्ताच्या आत्ता स्कूटर येवल्याला हाणील. एकच रात्र झाली होती. सहा बाकी होत्या.

"नवनाथ, पुढच्या गुरुवारी सांगतो."

"गुरुवारी मी तुरुंगात असेन, काका! तुम्हीपण!" नवनाथचा आवाज चिरकला. "तुम्हाला माहीत नाही हा कायदा. गर्दच्या पुड्या विकणारा आणि हे बाहेर देणारा, दोघांना एकच कलम. कमीत कमी दहा वर्षं. चार-पाच वर्षांपूर्वी आणखी कडक केलाय, आता जामीनसुद्धा मिळत नाही. म्हणून तर सगळ्यांनी हे ठेवणं बंद केलं. मी तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुमच्यासाठी!"

ते मल्हारीला माहीत होतं. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं नवनाथला पाणी दिलं, आणि नाव दिलं नाही.

शनिवारी दुपारी पोलिसांची जीप झेंडूच्या बांधावर येऊन थांबली. सुवर्णा दारात उभी होती, उद्याच्या तेराव्यासाठी गहू निवडत. सूप तिच्या हातातच राहिलं.

ठाण्यातले साहेब चाळिशीचे, डोळ्यांखाली काळं आलेले. गेल्या वर्षात त्यांच्या हद्दीत गर्दपायी तीन पोरं गेली होती, आणि त्यातल्या एकाची आई रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत असे. त्यामुळे असल्या माणसांशी त्यांना गोड बोलता येत नसे.

"सात अँप्युल. कुठं आहेत?"

"दिल्या साहेब."

"कोणाला?"

"गुरुवारी सांगतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गुरुवारी काय आहे?"

"तोवर काम होऊन जाईल."

हवालदार हसणार होता, त्यानं साहेबांचं तोंड बघून खोकला काढला.

"म्हणजे माल हलवायला वेळ घेतोस?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि टोळीला पाच दिवस मिळवून देतोस. लई पोचलेला आहेस म्हाताऱ्या."

रविवारी साळूबाईचं तेरावं होतं. त्या दिवशी मल्हारी न्यायाधीशांच्या बंगल्यावर उभा होता. पाच दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. त्यानं बोटं मोजली. रवि, सोम, मंगळ, बुध. आजची धरून चार रात्री. त्याला वाटलं, देवानं हिशेबानं दिलेत. मग वाटलं, असं म्हणणंही बरोबर नाही, नवनाथची बायको बाळंतीण आहे.

कारण नवनाथही शेजारच्या कोठडीत होता. दुकानाला सील. तो गजांना धरून बोलायचा, आणि त्याचं बोलणं मल्हारीला मारापेक्षा लागायचं. मारलं तसं कोणी नव्हतंच फारसं, साहेबांनी दोनदा कानशिलात दिली तेवढीच.

"काका, पुण्य तुम्हाला आणि पाप मला, ही कुठली वाटणी?"

"चुकलं माझं, लेका."

"मग सांगा ना! नाव सांगा! त्या जप्त होतील, रजिस्टर जुळेल, मी सुटेन. कोण आहे तो माणूस तुमचा? भाऊ आहे? जावई आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, आणि त्याच्यापायी माझी मुलगी पाचवीला बापाशिवाय राहिली." मग बराच वेळ तो भिंतीकडं तोंड करून बसायचा.

मल्हारीनं तोंडातल्या तोंडात नाम घ्यायला सुरुवात केली. गावोगावच्या सप्ताहात त्यानं किती तरी पहारे दिले होते, विणा गळ्यात घेऊन दोन-दोन तास उभं राहायचं, भुईला टेकू द्यायची नाही, पुढचा माणूस आला की त्याच्या गळ्यात घालायची. इथं गळ्यात काही नव्हतं आणि पुढचा माणूसही यायचा नव्हता. पण संध्याकाळी हवालदाराच्या टेबलावरचं घड्याळ आठवर आलं की तो उठून उभा राहायचा. आता नर्सबाई आली असंल. आता दंडाला कापूस लावला असंल. आता त्यांची मूठ सुटली असंल. साळूची अशीच सुटायची, आधी करंगळी, मग एकेक बोट. मग तो खाली बसायचा.

हवालदारानं हे तीन दिवस पाहिलं. मंगळवारी त्याला राहवलं नाही. "काय हो बाबा, आठला कोणाला सलामी देता?"

"झोपलेल्या माणसाला."

"आमच्या ठाण्यात झोपलेले लई आहेत, त्यांना नका देऊ, उठतील," हवालदार म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मग जवळ आला. "मलाही नाद आहे हो कीर्तनाचा. आज तुमच्याच महाराजांचं आहे, पंचवटीत. तुमच्या मंडळीतलं कोणी आलं नाही ते इकडं?"

मल्हारी म्हणाला, "येतील. सवड झाली की येतील."

आली ती सुवर्णा, बुधवारी सकाळी. नवऱ्यानं तिला परत सटाण्याला बोलावलं होतं, पण ती गेली नव्हती. गजांच्या बाहेर उभी राहून तिनं आधी पिशवीतला डबा हवालदाराला दिला, मग बापाकडं बघितलं.

"बाबा, मंडळातले आले होते घरी."

मल्हारीचं तोंड उजळलं.

"तुमचे टाळ परत द्यायला. देवळातल्या पेटीत असायचे ना, ते. म्हणाले, आमच्यात ठेवता येणार नाहीत. दारातूनच दिले. चहाला थांबले नाहीत."

त्यानं विचारलं, "महाराज काय म्हणाले?"

"महाराजांचा निरोप नाही काही." सुवर्णा आता रडत होती. "गावात काय बोलतात माहीत आहे? म्हणतात, बायकोच्या दुखण्याच्या नावानं म्हाताऱ्यानं गर्दचा धंदा केला. आईला सुद्धा सोडत नाहीत ते बोलण्यातून. माझ्या सासूनं मला विचारलं, तुझ्या आईला खरंच कॅन्सर होता का गं? सांगा, काय उत्तर देऊ मी? बाबा, ज्याला दिलं त्याचं नाव सांगा. त्याला आपली काय किंमत आहे? आला का तो विचारायला?"

"त्याला उठता येत नाही, पोरी."

"मग मेला तर मेला! तुम्ही कोण आहात त्याचे?" आणि हे बोलून तीच दचकली, पदर तोंडाशी धरला.

मल्हारीनं गजातून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "तुझी आई शेवटी किती ओरडायची, तू ऐकलं नाहीस. तू सटाण्याला होतीस. ते बरंच झालं. पण मी ऐकलंय गं. आजची एक रात्र राहू दे. उद्या सगळं सांगतो."

"उद्या मी नसेन," सुवर्णा म्हणाली. "चारची गाडी आहे. यांनी निक्षून सांगितलंय." ती गेली. डबा दुपारपर्यंत तसाच राहिला. मग त्यातलं अर्धं त्यानं नवनाथकडं सरकवलं. नवनाथनं ते पाठ फिरवून खाल्लं.

त्या संध्याकाळी आठला मल्हारी शेवटचा उभा राहिला.

गुरुवारी सकाळी साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तो त्यानं हात जोडले. "साहेब, आता लिहून घ्या."

आणि त्यानं सगळं सांगितलं. घाट, दृष्टांत, बाई, गावाचं नाव, लंकाबाईचं नाव, तुळशीचं पान. त्याच्या साध्या डोक्यात गणित असं होतं: बाटल्या संपल्या म्हणजे जप्त करायला काही उरलं नाही. काही उरलं नाही म्हणजे त्या बाईला कोण कशाला बोलेल? खरं सांगितलं की नवनाथ सुटेल. आणि आपलं काय व्हायचं ते होईल, घरी तरी कोण वाट बघतंय?

"पैसे घेतलेस?"

"सव्वा रुपया."

साहेबांचं पेन थांबलं. "का?"

"फुकटचं औषध लागू पडत नाही, म्हणून तिनं दिला. मला घ्यावा लागला."

खोटं बोलणारी माणसं साहेबांनी वीस वर्षं पाहिली होती, आणि त्यांत असं काही बसेना. "दिलं काय आणि विकलं काय, कायद्याला दोन्ही सारखंच, बाबा," ते म्हणाले. पहिल्यांदाच बाबा म्हणाले. "पण सव्वा रुपया घेतला हे कोर्टात वाचलं गेलं की ऐकणाऱ्याच्या मनात ती विक्री होते. आणि घेणाऱ्यालाही सुटका नाही. तिनं हे जवळ बाळगलं, घरी नेलं." त्यांनी बेल दाबली. "जीप काढा. येवल्याला."

तेव्हा कुठं मल्हारीच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

दिवसभर तो कोठडीत फेऱ्या घालत राहिला. नाम तोंडात येईना. माणूस खरं बोलतो तेव्हा तो देवाच्या शेजारी उभा असतो, असं त्यानं जन्मभर ऐकलं होतं. आता त्या खऱ्याची जीप एका आजारी माणसाच्या दारात उभी होती.

पाचच्या पुढं जीप आली. लंकाबाईला आणून साहेबांच्या टेबलापुढं उभं केलं. तेच हिरवं लुगडं. आठ दिवसांत ती आणखी वाळली होती. कपाळाचं कुंकू जागेवर होतं. मल्हारीनं ते आधी बघितलं.

"साहेब, हिच्या घरी काही सापडलं नाही," बरोबर गेलेला जमादार म्हणाला. "नर्सनं पण कानावर हात ठेवले. नवरा झोपलेला होता."

"या माणसाला ओळखतेस?" साहेबांनी विचारलं.

लंकाबाईनं मल्हारीकडं बघितलं. डोळा हलला नाही तिचा.

"नाय."

"गेल्या गुरुवारी नाशिकला आली होतीस?"

"आले व्हते. औषध नाय मिळालं. गेले."

"यानं तुला घाटावर काही दिलं नाही?"

"मला कोन काय देतंय, साहेब?" आणि मग तिचा तोल सुटला. "मला सोडा हो. पाया पडते. काल रातच्यापर्यंत निजत व्हते ते. आज दिसभर गुंगी व्हती, ती उतरली असंल आता. जागे झाले की वरडत्यात, पाणी मागत्यात, घरात कोनी नाय. शेजारी कडी लावून बसत्यात. सहाची गाडी गेली तर मग नऊशिवाय नाय. मला काय ते उद्या इचारा, मी येती, पायी येती..."

काल रात्रीपर्यंत. मल्हारीनं ते शब्द पाण्यासारखे पिऊन घेतले. सातही लागल्या होत्या. एकही वाया गेली नव्हती. त्यापलीकडं विचारायचं त्याला पुष्कळ होतं. जेवले का, बोलले का, तुमच्याशी दोन शब्द सुखाचे बोलले का. पण न ओळखणाऱ्या बाईला हे विचारता येत नाही.

"साहेब," तो म्हणाला, "ही ती बाई नव्हं."

सगळे त्याच्याकडं वळले.

"मी खोटं बोललो. अशी कोणी बाईच नव्हती. दहाव्याला मी त्या गंगेत सोडल्या. साळूच्या राखेबरोबर. तिची वस्तू, तिच्याबरोबर गेली."

"आणि हिचं नाव? गाव? ते काय स्वप्नात आलं?"

"परवचनाला ही बाई पायरीवर बसली व्हती. कोणाला तरी नाव-गाव सांगत व्हती, माझ्या कानावर पडलं. तुम्ही रोज नाव-नाव करत व्हता, तेच तोंडात आलं. म्हातारपण, साहेब. चुकलं."

चाळीस वर्षांत इतकं सलग खोटं तो बोलला नव्हता, आणि ते इतकं सहज निघालं याचंच त्याला नवल वाटलं. साळूच्या नावानं, पाणी सोडून दिलेलं दान. आपल्याच तोंडानं तो ते नव्हतंच म्हणून बसला होता. आता ते कोणापाशीच बोलता येणार नव्हतं. सुवर्णापाशी नाही, महाराजांपाशी नाही. कोर्टात तर नाहीच.

साहेब एकदा त्याच्याकडं, एकदा लंकाबाईकडं बघत राहिले. ते काही खुळे नव्हते. समोरचा सकाळचा कागद त्यांनी उचलला, वाचला, आणि घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

"हे आधी बोलला असतास तर माझं डिझेल वाचलं असतं," ते म्हणाले. मग हवालदाराला, "हिला स्टँडवर सोड. सहाची गाडी धरून दे. गाडी थांबवून ठेवा म्हणावं, मी सांगितलंय."

लंकाबाई वळली. दारात क्षणभर थांबल्यासारखी वाटली, पण तिनं मागं बघितलं नाही. बघायला नकोच होतं. चपलांचा आवाज पायऱ्यांवरून पळत गेला.

"बाटल्या तूच सोडल्यास असा तुझा जबाब आहे, म्हणजे मेडिकलवाला उद्यापरवा सुटेल बहुतेक," साहेब फायलीकडं बघत म्हणाले. "तुझं तसं नाही. सात बाटल्या कागदावर तुझ्या नावानं आहेत, आणि कोर्टाला गंगेला साक्षीला बोलावता येत नाही. उद्या तुला नाशिकरोडच्या जेलात पाठवतील. दहा वर्षांतली किती, ते न्यायाधीश ठरवतील. वकील आहे कोणी?"

"नाही."

"नातेवाईक?"

मल्हारीनं थोडा विचार केला. "होती," तो म्हणाला.

कोठडीचं दार लागलं. शेजारी नवनाथनं बातमी ऐकली होती. तो पहिल्यांदाच मोकळा श्वास टाकून आडवा झाला होता आणि जरा वेळानं घोरायलाही लागला. बाहेर दिवे लागले. हवालदार स्टँडवरून परत आला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मुद्दाम मोठ्यानं, कोणाला तरी ऐकू जावं म्हणून म्हणाला, "मिळाली बुवा गाडी एकदाची!"

घड्याळात आठ वाजले तेव्हा मल्हारी सवयीनं उठला. उभा राहिला आणि मग त्याला आठवलं. आज कोणी नर्सबाई निघाली नव्हती. गाडी अजून वाटेतच असेल, बाईचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं असेल, आणि तिकडं गावात, खिडक्या लावून घेतलेल्या त्या गल्लीत, एक माणूस जागा झाला असेल. त्याला आता झोप लागणार नव्हती, आजही नाही आणि उद्याही नाही, आणि हे ठाऊक असलेला सगळ्या नाशकात तो एकटा होता.

तो बसला नाही. उभाच राहिला.